नखुल्या, सरगुंडे आणि दोनशे छप्पन्न दोर

“नखुल्या करतीय की ही!” आई म्हणाली आणि उशीला टेकलेली होती ती सरळ उठून बसली.

माझ्या फोनवर एक म्हातारी बाई दिसत होती. इटलीच्या दक्षिणेला समुद्राकाठी बारी नावाचं शहर आहे. तिथल्या जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्लीत, घराच्या दारातच टेबल टाकून ती बसली होती. पुढ्यात करंगळीएवढी जाड पिठाची सळी. सुरीनं हरभऱ्याएवढा तुकडा कापायचा, सुरीच्या बोथट कडेनं तो फळीवर स्वतःकडे ओढायचा आणि वळून आलेली ती इवलीशी वाटी अंगठ्यावर उलटी करून टाकायची. एक, दोन, पाच, वीस. शेजारणीशी बोलणं चालू, नजर गल्लीत, हात मात्र थांबत नाही. या पास्त्याचं नाव ओरेक्किएत्ते, म्हणजे छोटे कान. आईला मी ते सांगितलं. ती म्हणाली, “कान म्हण नाहीतर काय म्हण. आमच्याकडं सुरी नसते, नखानंच दाबायचं. म्हणून नखुल्या.”

गेली सात-आठ वर्षं मी दर रविवारी कुठल्यातरी देशाचा पास्ता नाहीतर नूडल्स घरी करतो. पुस्तकं वाचतो, व्हिडिओ पाहतो, क्रॉफर्ड मार्केटात जाऊन जपानी-कोरियन पाकिटं शोधतो. जगातली ही एवढी मोठी गोष्ट आपल्याकडे मात्र बाहेरून आली, असं मी धरून चाललो होतो. आणि पलंगावर बसलेल्या, एकोणऐंशी वर्षांच्या, साताऱ्याकडच्या माझ्या आईनं एका नजरेत ती आपल्या हातातली म्हणून ओळखली.

मग तिनं मला नावं सांगितली. गव्हले, नखुल्या, मालत्या, बोटवे, शेवया. या सगळ्याला मिळून वळवट म्हणायचं, हाताने वळून केलेलं ते वळवट. लग्न ठरलं की आळीतल्या बायका जमून वळवट करत. गव्हले म्हणजे दोन बोटांच्या चिमटीत पीठ घेऊन वळलेले गव्हाच्या दाण्यासारखे बारीक दाणे. ते रुखवतात मांडायचे, त्यांची खीर पंगतीत वाढायची. हे ऐकताना मला आठवलं की इटलीतही अगदी असाच दाण्यासारखा पास्ता आहे. त्याचं नाव ओर्झो, आणि ओर्झो म्हणजे बार्ली. त्यांनी बार्लीच्या दाण्यावरून नाव ठेवलं, आपण गव्हाच्या. आपल्या बायकांनी बोटावरून, नखावरून नावं दिली. तिकडच्या बायकांनी कानावरून, जिभेवरून दिली: लिंग्विने म्हणजे छोट्या जिभा. वर्मिचेल्ली म्हणजे बारीक किडे, आणि ज्याला आपण दुकानात ‘व्हर्मिसेली’ म्हणून मागतो ते हेच.

माझी बायको अमरावतीची. ती इतका वेळ स्वयंपाकघरातून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी मी तिला सिसिलीतल्या त्रापानीचा एक व्हिडिओ दाखवला. त्यात पिठाची लांब सळी एका काडीभोवती तिरकी गुंडाळतात, तळव्यानं एकदा पुढे लोटतात आणि काडी ओढून काढतात. उरतो तो पिळाचा, आतून पोकळ तुकडा. नाव बुसियाते, कारण तिथल्या एका गवताच्या वाळक्या काडीला बूसा म्हणतात. ती पाहतच राहिली. म्हणाली, “हे तर सरगुंडे. माझी आजी सराच्या काडीवर गुंडाळायची. आम्ही आमरसाबरोबर खायचो.” त्रापानीत बुसियातेवर टोमॅटो, लसूण आणि बदाम कुटून घालतात, वऱ्हाडात सरगुंड्यांवर आंब्याचा रस. काडी मात्र दोन्हीकडे गवताचीच.

हे कोणी कोणाकडून शिकलं, असा प्रश्न पुढे येतो, पण मला तो फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मऊ पीठ, एक गवताची काडी आणि तळहात एवढं एकत्र आलं की असा आकार निघणारच. ख्रिसमसच्या आधी आपल्या वांद्र्याच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती, घरांत कुलकुल करतात, तेव्हा पिठाचा तुकडा नव्या फणीवर नाहीतर काट्यावर दाबून वळवतात, त्यावर रेघा उमटतात, मग तो तळून साखरेत घोळतात. इटलीत रोमान्या भागात गार्गानेल्ली नावाचा पास्ता करतात, तो चौकोनी पोळीचा तुकडा फणीवर काठीनं लाटून. पूर्वी त्यासाठी मागाची फणी वापरत. कापड विणताना जिच्यातून ताण्याचे धागे जातात, ती फणी. रेघा हव्यात त्या सॉस धरून ठेवण्यासाठी.

मागाच्या फणीपाशी मी थोडा थांबणार आहे, कारण माझे वडील गिरणीत होते.

आमची खोली लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. आबा त्रासन खात्यात, म्हणजे जिथे सूत कातलं जातं तिथे. एप्रिल उलटला की चाळीच्या गॅलरीत आणि गच्चीत शेवयांचा हंगाम सुरू होई. गहू आदल्या रात्री ओलवायचे. नुसता हात ओला करून पाणी शिंपडायचं, भिजवायचे नाहीत, मग फडक्यात बांधून ठेवायचे. त्यानं वरचा कोंडा चिवट होतो, दळताना मोठ्या पापुद्र्यांनी सुटतो आणि आतलं पांढरं दाणेदार पीठ वेगळं निघतं. पुढे वाचताना कळलं की आजच्या मोठ्या पिठाच्या कारखान्यातही दळण्याआधी गव्हाला मोजून पाणी देतात, ते याच कारणासाठी. मग ते पीठ चाळणीतून, नंतर कापडातून. रवा वेगळा, सपीट वेगळं. दोन्ही मिठाच्या पाण्यात घट्ट मळायचं, वरवंट्यानं कुटायचं, ओल्या फडक्याखाली ठेवायचं. कुटून कुटून ते असं होई की ओढलं तर तुटण्याऐवजी लांबत जाई.

शेवयांचा पाट आमचा नव्हता, तो शेजारच्या काकूंचा होता. लांब लाकडी पाट, त्यावर बारीक समांतर खाचा. एका टोकाखाली डबा ठेवून तो तिरपा करायचा, आईनं वरच्या टोकाला बसायचं आणि दोन्ही तळव्यांनी पिठाचा गोळा खाचांवरून रगडत पुढे न्यायचा. खालून केसासारख्या शेवया लोंबू लागत. समोर बसलेली बाई त्या अलगद ओढून काठीवर घेई. आम्हा पोरांचं काम काठ्या गच्चीवर नेणं, उभ्या केलेल्या बाजेवर अडकवणं आणि कावळे हाकलणं. एकदा अचानक वळीव आला आणि माझ्या हातातल्या दोन काठ्या भिजल्या. भिजलेल्या शेवयांचा पुन्हा गोळा झाला. आई रागावली नाही, तिनं तो गोळा उचलला आणि परत पाटावर ठेवला.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्या वर्षी आईनं आमच्यापुरत्या नाही, विकायला शेवया केल्या. पुढच्या वर्षीही. चाळीतल्या बायका पापड लाटत, कोणी डबे करत, आई शेवया करी. आबा घरीच असत आणि हळूहळू पाटासमोर काठी धरून बसू लागले. ते एकदा म्हणाले होते, “हे आमच्या ड्रॉइंगसारखंच आहे.” गिरणीत कापसाचे सहा-आठ जाड पेळू एकत्र घालून एकच पेळू होईपर्यंत ओढतात. तो एकसारखा होतो, तंतू एका दिशेनं उभे राहतात. मग पुन्हा असे अनेक पेळू एकत्र, पुन्हा ओढणं. एकत्र करायचं आणि ओढायचं. असं केल्याशिवाय सूत सरळ येत नाही, मध्येच जाड, मध्येच बारीक राहतं आणि तुटतं.

पिठात तंतू असतात ते ग्लुटेनचे. गव्हातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं पाण्यानं आणि मळण्यानं एकमेकांत गुंततात. एकामुळे पीठ लांबतं, दुसऱ्यामुळे ते मागे खेचतं. आबांना ही नावं माहीत नव्हती, पण पिठातला तंतू त्यांनी कापसावरून ओळखला होता. चीनमधल्या लान्झोऊ शहरात हातानं ओढून नूडल्स करतात, ते मी पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तेव्हा मला आबाच आठवले. पिठाचा दोर दोन्ही हातांत धरायचा, हात फाकवून ओढायचा, मधोमध दुमडायचा. एकाचे दोन. पुन्हा ओढायचा, दुमडायचा. चार, आठ, सोळा. आठव्या वेळेला दोनशे छप्पन्न. त्या पिठात पूर्वी एका रानझुडपाची राख घालत. राखेतला क्षार पिठाला ताण देतो आणि किंचित पिवळसर रंगही. रामेन नावाच्या जपानी नूडल्समध्ये त्यासाठी कान्सुई घालतात, त्यात सोडियम आणि पोटॅशियमची कार्बोनेटं असतात. आणि आपण पापडाच्या पिठात पापडखार घालतो. तोही क्षारच. उडदाच्या पिठाला ग्लुटेन नसतं, त्यामुळे तिथे त्याचं काम वेगळं, तरी रामेनचा पहिला घास घेताना मला जो वास ओळखीचा वाटला, तो पापडाच्या लाट्यांचा होता. आम्ही लहानपणी लाट्या तेलात बुडवून खायचो.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती सार्डिनिया बेटावरची एक गोष्ट. तिथल्या नुओरो गावातल्या अगदी मोजक्या बायका सू फिलिंदेऊ करतात. नावाचा अर्थ देवाचे धागे. रव्याचं पीठ, पाणी आणि मीठ, बस. तेच आठ वेळा ओढणं आणि दुमडणं, तेच दोनशे छप्पन्न धागे. मग ते धागे एका गोल परातीसारख्या ताटावर तीन थरांत, वेगवेगळ्या दिशांनी पसरतात आणि उन्हात वाळवतात. वाळल्यावर ते विणलेल्या कापडासारखं दिसतं. त्याचे तुकडे मेंढीच्या मटणाच्या रश्श्यात शिजवून, वर चीज घालून, लुला गावच्या संत फ्रान्सिसच्या जत्रेला चालत येणाऱ्या यात्रेकरूंना वाढतात. रात्रभर चालत आलेल्या माणसाला वाढायचं अन्न, आणि ते केसाएवढं बारीक! पंढरीच्या वाटेवर जेवण वाढणारी गावं ज्यानं पाहिली आहेत त्याला यातलं काही वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या बायका शेजारी दोन वाडगे ठेवून बसतात. एकात साधं पाणी, दुसऱ्यात मिठाचं. पीठ ताणाला कमी पडतंय असं बोटांना वाटलं की मिठाच्या पाण्यात हात बुडवायचा, कोरडं वाटलं की साध्या. कधी कुठला वाडगा, हे लिहून ठेवता येत नाही.

मार्को पोलोनं चीनहून इटलीत नूडल्स नेल्या ही गोष्ट मीही शाळेत असल्यापासून ऐकत आलो. ती खरी नाही. तो १२९५ मध्ये व्हेनिसला परतला. त्याआधी, १२७९ मध्ये, जिनोव्हातल्या एका सैनिकाच्या मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीनं भरलेल्या टोपलीची नोंद आहे. आणि त्याच्याही आधी, ११५४ मध्ये, सिसिलीच्या राजा रॉजरच्या दरबारातल्या अल-इद्रीसी या भूगोलकारानं लिहून ठेवलंय की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात इत्रिय्या नावाचा वाळवलेला पास्ता भरपूर होतो आणि गलबतांतून दूरदूरच्या मुसलमान आणि ख्रिस्ती मुलखांत जातो. मार्को पोलोची गोष्ट पसरायला १९२९ मध्ये अमेरिकेतल्या मॅकरोनी उत्पादकांच्या मासिकात छापून आलेल्या कथेचा मोठा हात आहे. मला त्याच्या प्रवासवर्णनातली दुसरीच जागा जास्त आवडते: त्यात आपल्या ठाण्याचं वर्णन आहे. चीनमधला पुरावा मात्र फार जुना. छिंगहाय प्रांतातल्या लाजिया इथे पुरात गाडलेल्या वस्तीत एक पालथं पडलेलं वाडगं सापडलं आणि त्याखाली सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या पिवळ्या, बारीक नूडल्स. २००५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्या गव्हाच्या नव्हत्या, राळा आणि वरीच्या जातीच्या धान्यांच्या होत्या.

गव्हाचं नातं मात्र थेट आपल्या शेतापर्यंत येतं. इटलीत १९६७ च्या कायद्यानं वाळवलेला पास्ता डुरम गव्हाचाच असावा असं ठरवलं. डुरम म्हणजे कठीण. त्याचा रवा पिवळसर, शिजताना आकार न सोडणारा. आपल्याकडचा बन्सी गहू म्हणजे डुरमच. आणि आई ज्याच्यासाठी अजून वाण्याशी बोलते, तो पुरणपोळीचा नि खिरीचा खपली, त्याला इटलीत फार्रो म्हणतात आणि तिथे तो कौतुकानं विकला जातो. लोअर परळच्या एका दुकानात मी फार्रोचं परदेशी पाकीट हातात घेऊन उभा होतो. खपली, आमच्या गावच्या शिवारातला. ते पाकीट मी परत ठेवलं. गावाकडून पाच किलो मागवला.

आमच्याकडे शेवया खिरीपुरत्याच नसत. उकळत्या पाण्यात टाकायच्या, लगेच रोवळीत निथळायच्या, ताटात घेऊन वर गुळवणी आणि तूप. आई म्हणे, “शेवई मोकळी पायजे, लगदा नको.” इटालियन माणूस ‘आल देन्ते’, म्हणजे दाताला लागेल असं, म्हणतो तेव्हा तो वेगळं काही सांगत नसतो. खालच्या मजल्यावरच्या मालवणच्या मावशी शिरवळे करत. तांदळाच्या उकडीचे गोळे पाण्यात शिजवून, गरम असतानाच लाकडी शेवग्यातून, म्हणजे शेवया पाडायच्या साच्यातून, दाबून, ते नारळाच्या गूळ-वेलची घातलेल्या रसात. शेवगा दाबायला दोन माणसं लागत. अख्खा मजला त्या वासानं भरून जाई. मला आजही जगातल्या कुठल्याही तांदळाच्या नूडल्सपेक्षा शिरवळे अधिक आवडतात, आणि हे मी व्हिएतनामी फो मनापासून खाऊन सांगतोय.

मुंबईत या धाग्यांची टोकं कुठे कुठे सापडतात. क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाहमध्ये, १९०५ पासून चालू असलेल्या त्या दुकानात, फालुदा पिताना तळाशी ज्या पारदर्शक शेवया येतात त्यांचं मूळ इराणात. शिराझमध्ये स्टार्चच्या तशाच बारीक शेवया साखरेच्या, गुलाबपाण्याच्या अर्धवट गोठलेल्या पाकात घालून लिंबू पिळून खातात. तिकडे नवरोजला आश-ए-रेश्ते हे शेवयांचं दाट सूप करतात, रेश्ते म्हणजे धागा. आपल्या पारशी घरांत वाढदिवसाच्या सकाळी गोड सेव आणि दही असतं. रमजानात मोहम्मद अली रोडवर केसासारख्या शेवयांचे ढीग लागतात, ते शीरखुर्म्यासाठी. माझगावला नवाब टँक रोडवर एका साध्या इमारतीत १९१९ मधलं चिनी देऊळ आहे, बंदरावर कामाला आलेल्या चिनी लोकांचं. वाढदिवसाला लांबच लांब नूडल्स न तोडता खायच्या, म्हणजे आयुष्य तेवढं लांब होतं, असं चिनी घरांत मानतात. जपानात वर्षाच्या शेवटच्या रात्री सोबा नावाच्या नूडल्स खातात.

आणि नाक्यानाक्यावरच्या चायनीजच्या गाड्या. त्यांना नाकं मुरडणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. ‘खरं चायनीज असं नसतं’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. रात्री अकराला परळ स्टेशनबाहेर कढई वर उडवून कोबी-गाजर-नूडल्स परतणाऱ्या पोराच्या मनगटात जी सफाई असते, ती मला लान्झोऊच्या दुकानदाराइतकीच मोलाची वाटते. संप चिघळल्यावर, बहुतेक १९८३ च्या शेवटी, चाळीत कोणाकडे तरी मॅगीचं पहिलं पाकीट आलं. आम्ही आठ पोरांनी ते वाटून खाल्लं. १९५८ मध्ये जपानात मोमोफुकु आंदोनं शिजवलेल्या नूडल्स तेलात तळल्या, आतलं पाणी उडून बारीक छिद्रं राहिली आणि गरम पाणी घातलं की त्याच छिद्रांतून ते परत आत जातं. भुकेल्या माणसासाठी केलेला शोध होता तो. त्याचा मला आदर आहे. पण मॅगी आली त्याच वर्षांत आमच्या गच्चीवरच्या काठ्या कमी होत गेल्या. आधी हँडल फिरवायचं यंत्र आलं, मग पाकीट. आईच्या शेवया घेणारी घरं पाचावर आली, मग दोनवर, आणि मग काकूंनी पाट माळ्यावर टाकला. चाळ पाडायच्या आधी सामान हलवताना तो कुठे गेला ते कोणालाच आठवत नाही. मी विचारलंही नव्हतं.

सू फिलिंदेऊचा व्हिडिओ मी आईला मागच्या महिन्यात दाखवला. तिनं तो तीनदा पाहिला. मग म्हणाली, “या बाईला लेकी हायत का?” मी सांगितलं की ही कला तिथे आईकडून मुलीकडे जात आली, पण आता करणाऱ्या अगदी थोड्या आहेत, आणि पीठ जमायला वर्षं लागतात म्हणून शिकायला आलेलेही सोडून जातात. आईनं फोन खाली ठेवला. माझ्या मुलीला हाक मारली. ती बारावीची, अभ्यासातून उठून आली.

खपली आणि बन्सीचा रवा अर्धा-अर्धा घेतला. आईला आता कुटणं जमत नाही, ते मी केलं. पाऊण तास. ती स्टुलावर बसून सांगत होती: अजून, अजून, आता फडकं टाक. दोन तासांनी तिनं गोळा चाचपून पाहिला, मग त्याचा दोर केला आणि एक टोक नातीच्या हातात दिलं. सतराव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, एक एकोणऐंशीची, एक सतराची, आणि ओढायला लागल्या. दोन. चार. आठ. मुलगी मोठ्यानं मोजत होती. सोळा झाले तेव्हा दोरांमधून पलीकडची खिडकी दिसायला लागली. बत्तिसाला मधले तीन तुटले आणि पाठोपाठ सगळं खाली लोंबलं.

आईनं तुटकं टोक दोन बोटांत धरून ताणून पाहिलं, जिभेला लावलं.

“मीठ कमी पडलंय,” ती म्हणाली. “वाडगं आण. दोन आण.”